‘नामशेष’ माणसांच्या वस्तू कुठे ठेवायच्या?

सकाळी सातच्या पाळीला जाणाऱ्या माणसाच्या डब्यात बटाट्याची भाजी असते. भाजी साधीच, पण तिच्या नावाचा प्रवास मोठा आहे. ‘बटाटा’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण तो मुळात पोर्तुगीजांचाही नव्हे. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या मधल्या कॅरिबियन समुद्रात बेटांची एक माळ आहे. त्या बेटांवरचे ताइनो लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. स्पॅनिश आणि पोर्तुगीज खलाशांनी तो शब्द उचलला आणि वाटेत कुठे तरी रताळ्याचे नाव दुसऱ्याच कंदाला चिकटले. पपईचे नावही त्याच बाजूचे. आणि आपण ज्याला साबुदाणा म्हणतो, तो तमिळनाडूत सेलमकडे ज्या कंदापासून बनतो तो कसावा हा तर त्या लोकांचे रोजचे अन्न होता.

ज्यांचे देणे आपल्या चुलीपर्यंत पोचले, त्या लोकांविषयी पुस्तकात काय असते? कोलंबस १४९२ साली तिथे उतरला, आणि पुढे रोगराई, गुलामी व कत्तल यांत तिथले मूळ लोक नामशेष झाले. एका वाक्यात सगळे आटोपले. स्वतःचा इतिहास दुसऱ्याच्या लेखणीने लिहिला गेला की काय होते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

कत्तल झाली हे खरे, रोगांनी गावेच्या गावे ओस पडली हेही खरे. पण ‘संपले’ हे खरे नाही. बहामा बेटांतील एका गुहेत सापडलेल्या सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या दाताची तपासणी शास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केली. त्या दाताच्या मालकिणीचे रक्ताचे नाते आजच्या प्वेर्तो रिकोच्या माणसांशी जुळते, असे त्यातून दिसले. तिथल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत होत्या. त्यांचे कुणी ऐकले नाही, दाताचे मात्र ऐकले!

आणि डॉमिनिका नावाच्या छोट्या बेटावर तर साक्षीला दातही लागत नाही. तिथे कालिनागो लोक आजही आपल्या जमिनीवर, आपल्या पंचायतीसह राहतात. जुन्या पुस्तकांत त्यांना ‘कॅरिब’ म्हटलेले आढळते. पूर्व किनाऱ्यावर ३,७०० एकर जमीन आणि सुमारे ३,००० माणसे. २०२३ साली याच समाजातील सिल्वानी बर्टन डॉमिनिकाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. कालिनागो म्हणूनही पहिल्या आणि स्त्री म्हणूनही पहिल्या.

मग ज्यांना जिवंतपणीच संपलेले ठरवले, त्यांच्या वस्तू जपण्यासाठी छोटे संग्रहालय उभारायचे तर ते कसे असावे? हा प्रश्न गेली काही दशके त्या बेटांवर खरोखरच विचारला जात आहे. ग्वादलूप बेटावर ल मूल या गावात १९८४ साली असे एक संग्रहालय झाले. अँटिग्वात १९८५ साली जुन्या न्यायालयाच्या इमारतीत झाले. डॉमिनिकात कालिनागोंच्या भागात २००६ साली ‘कालिनागो बाराना औते’ हे सांस्कृतिक गाव उभे राहिले. मोठा पैसा कुणापाशीच नाही. प्रत्येक ठिकाणी मात्र तेच प्रश्न पुन्हा उभे राहतात, आणि ते प्रश्न आम्हांला फार मोलाचे वाटतात.

आधी मोजदाद : वस्तू आहेत कुठे?

पहिली अडचण अशी की उत्तमोत्तम वस्तू बेटांवर नाहीतच. १७९२ साली जमैकातील कारपेंटर्स पर्वताच्या एका गुहेत तीन लाकडी मूर्ती सापडल्या. त्यांतली एक पक्षी आणि माणूस यांची मिळून केलेली. ताइनो लोक अशा मूर्तींना ‘झेमी’ म्हणत. पूर्वजांचे आणि निसर्गाचे बळ त्यांत वसते अशी त्यांची समजूत होती. स्पॅनिश पाद्रींनी झेमी दिसतील तिथे जाळल्या, म्हणून लोकांनी त्या डोंगरातल्या कोरड्या गुहांत लपवल्या असाव्यात. लाकूड इतके घट्ट की शतके उलटली तरी टिकले. सात वर्षांत त्या मूर्ती लंडनच्या विद्वानांच्या सभेत मांडल्या गेल्या आणि आज त्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. २०१९ साली जमैकाच्या सांस्कृतिक मंत्री ओलिव्हिया ग्रेंज यांनी त्या परत मागितल्या.

इटलीतील तुरिन शहरात कापसाच्या धाग्याने विणलेली एक झेमी आहे. तिच्या डोक्यात खऱ्या माणसाची कवटी विणून बसवलेली आहे. बहुधा कुणा मान्यवर पूर्वजाची असावी. रोममध्ये आणखी एक आहे आणि ती मोठी विचार करायला लावणारी आहे. तिच्यावर युरोपातून आलेले काचेचे मणी आहेत आणि तोंडवळा आफ्रिकेतल्या गेंड्याच्या शिंगातून कोरलेला आहे. म्हणजे कोलंबस आल्यावर काही वर्षांनी, चहूकडे मृत्यू थैमान घालत असताना, कुणी ताइनो कारागीर परक्यांनी आणलेल्या मालातून आपलीच वस्तू आपल्याच पद्धतीने घडवत बसला होता. ‘१४९२ पूर्वी’ आणि ‘१४९२ नंतर’ अशा दोन कपाटांत तिला कसे टाकणार? म्हणून आम्हांला वाटते, छोट्या संग्रहालयाने भिंतीवर काळाची रेघ ओढताना १४९२ला शेवटचे टोक करू नये. खोलीत शिरताच पहिल्यांदा आजच्या माणसाचा चेहरा दिसावा आणि तिथून मागे जावे.

बेटांवर उरले ते दगडाचे, मातीचे, शंखांचे सामान. गुळगुळीत घासलेल्या दगडी कुऱ्हाडी. भाकरी भाजण्याचे मातीचे जाड तवे, त्यांना ‘बुरेन’ म्हणत. समुद्री गाईच्या, म्हणजे मॅनटीच्या, हाडांतून कोरलेल्या नाजूक वस्तू. आणि तीन टोकांचे दगड. हातात मावेल एवढा दगड, तळ सपाट, वर डोंगरासारखे एक टोक. कसाव्याच्या वाफ्यांत तो पुरला की पीक जोमाने येते असा समज होता. लंडनच्या मूर्तीपुढे तवा फिका वाटेल. पण आमचे मत विचाराल तर छोट्या संग्रहालयाने मूर्तीच्या मागे धावण्यापेक्षा तव्यापाशी जास्त वेळ थांबावे. मूर्ती एखाद्या मुखियाच्या घरी असेल, तवा प्रत्येक घरी होता.

तव्याबरोबर त्याची सगळी हकीगत येते. कडू जातीचा कसावा कच्चा खाल्ला तर विषारी. तो आधी किसतात. मग तो कीस ‘मातापी’ नावाच्या विणलेल्या लांब नळीत भरतात. नळी आढ्याला टांगतात, खालच्या कडीत दांडा अडकवतात आणि दांड्यावर वजन देतात, कधी कुणी बाई सरळ दांड्यावर बसते. वजनाने नळी लांबते, लांबताना बारीक होते आणि आतला विषारी रस पिळून निघतो. ना खिळा, ना लोखंड, नुसती वीण! उरलेला कोरडा चुरा तव्यावर पसरून भाकरी भाजायची. ज्या माउलीने हे पहिल्यांदा शोधून काढले तिचे नाव कुठल्याही पुस्तकात नाही. पण हे यंत्र काचेच्या पेटीत आडवे निजवून ठेवले तर ते मेलेल्या सापासारखे दिसते आणि पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. ते टांगलेच पाहिजे, आणि आठवड्यातून एकदा तरी त्यातून खरा कसावा पिळून दाखवला पाहिजे. त्यासाठी जुनी मातापी वापरू नये. गावातल्या विणणाऱ्याकडून नवी करून घ्यावी, तिचे दाम द्यावे आणि पाटीवर तिला ‘नवी’ म्हणावे.

छप्पर, वारा आणि पाणी

आता इमारत. बाहेरून येणाऱ्या रचनाकारांना एक मोह हमखास होतो. मूळनिवासींचे संग्रहालय म्हणजे पानांनी शाकारलेली झोपडी हवी, प्रवाशांना फोटो काढायला बरी! कालिनागोंची पूर्वी खरोखरच ‘कार्बे’ नावाची मोठी शाकारलेली सभाघरे असत. नाच, गाणे, बैठका यांसाठी अंगणात असे सभाघर जरूर असावे, आणि बाराना औते येथे ते आहेही. पण जुन्या वस्तू त्यात ठेवणे म्हणजे त्या वाऱ्यावर सोडणे होय. अक्षरशः वाऱ्यावर. १९७९च्या ऑगस्टमध्ये ‘डेव्हिड’ वादळाने डॉमिनिका झोडपली. १८ सप्टेंबर २०१७च्या रात्री ‘मारिया’ आले, सर्वांत वरच्या पाचव्या श्रेणीचे. बेटावरची बहुतेक घरे उघडी पडली, डोंगरांवरच्या झाडांना पान राहिले नाही. गंमत म्हणा किंवा दैवदुर्विलास म्हणा, वादळाला जगभर वापरला जाणारा ‘हरिकेन’ हा इंग्रजी शब्दही याच बेटांच्या मूळ लोकांकडून आलेला आहे.

तेव्हा वस्तूंची खोली पक्की हवी. त्या भागातले अनुभवी गवंडी आणि सुतार जे सांगतात ते साधे आहे. छप्पर दुपाखी नको, चौपाखी करा, म्हणजे वारा कुठल्याही बाजूने आला तरी त्याला धरायला उभी भिंत मिळत नाही. उतार चांगला ठेवा. वळचण आखूड ठेवा, लांब वळचणीखाली वारा शिरला की पत्रे उचलतो. वासे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधा, पत्र्यांना खिळ्यांऐवजी स्क्रू मारा. आणि सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे पडवीचे छप्पर मुख्य छपराला जोडू नका. वादळात पडवी उडाली तर तिला एकटीला जाऊ द्यावे, तिने घर ओढून नेता कामा नये. कोकणात किनाऱ्यावर घर असलेल्या आमच्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

इमारतीच्या पोटात एक बिनखिडकीची कोठी असावी. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम. वादळाची वर्दी मिळाली की कोणती वस्तू कुणी उचलून कोठीत न्यायची, हे आधीच कागदावर लिहून भिंतीला लावलेले असावे. सामान जमिनीवर नको, फळीवर हवे, कारण छप्पर टिकले तरी पाणी दाराखालून येते.

वादळ वर्षातून एकदा येते, दमट हवा मात्र रोजची असते. हवेतील ओलावा शेकडा ६५-७०च्या वर टिकला की बुरशी धरते, आणि तिथे तो बहुतेक काळ त्याच्या वरच असतो. मोठ्या शहरात म्हणतात, एसी लावा. खेड्यात वीज महाग आणि भरवशाची नाही. त्यातून दिवसा एसी चालू आणि रात्री बंद असे केले तर लाकूड आणि हाड रोज आकसते, रोज फुगते, आणि तडकते. त्यापेक्षा एसी नसलेला बरा. जाड भिंती, आढ्याजवळ जाळी लावलेले झरोके, कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे, म्हणजे मागून वारा खेळतो. मुंबईच्या पावसाळ्यात भिंतीला टेकून ठेवलेल्या ट्रंकेतली लुगडी काय होतात ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

समुद्रकाठच्या वाळूतून निघालेली मातीची भांडी नुसती पुसून मांडली की महिन्या-दोन महिन्यांत त्यांचे पापुद्रे सुटू लागतात. भिंतीला लोणा लागतो तसाच हा प्रकार. आतले मीठ बाहेर येताना पृष्ठभाग उकलते. अशी भांडी स्वच्छ पाण्यात ठेवायची, पाणी पुन्हा पुन्हा बदलायचे, मीठ निघेपर्यंत. आणि जे लाकूड चिखलात किंवा पाण्यात बुडालेले सापडले ते उलट कोरडे होऊ द्यायचे नाही, नाही तर ते वाळून कोळपते. क्यूबाच्या उत्तर किनाऱ्यावर लोस बुचियोनेस येथे १९९०च्या दशकात ताइनोंच्या घरांचे खांब आणि लाकडी वस्तू पाण्याखालच्या गाळात सापडल्या. त्या शतकानुशतके टिकल्या त्या पाण्यामुळेच.

टोपल्यांना कीड लागते. फवारे मारण्यापेक्षा सोपा उपाय असा आहे की टोपली प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून मासळीवाल्यांकडे असतो तसल्या डीप फ्रीझरमध्ये उणे २० अंशांवर पंधरवडा ठेवायची. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही. टोपली खोलीइतकी उबदार होऊ द्यायची, म्हणजे दंव पिशवीवर बाहेरून धरते, टोपलीवर नाही. किडे मरतात, विणीला धक्का लागत नाही. उजेडही बेताचा हवा, कारण रंगवलेली पात आणि कापूस उन्हात विटतात आणि विटलेला रंग परत येत नाही. संग्रहालयवाले अशा वस्तूंसाठी ५० लक्स ही मर्यादा धरतात. म्हणजे तिन्हीसांजेला दिवा लावावासा वाटतो, जेमतेम तेवढा उजेड.

पाटीवर काय लिहायचे?

छप्पर आणि कपाटे यांना पैसा लागतो. पाटीला फक्त प्रामाणिकपणा लागतो, आणि तिथेच जास्त चुका होतात.

कोलंबसाने ऐकीव गोष्टींवरून या लोकांना नरभक्षक ठरवले. ‘कॅनिबल’ हा इंग्रजी शब्दच त्यांच्या नावावरून पडला. नरभक्षक म्हटले की त्यांना गुलाम करायला मोकळीक मिळे, कारण स्पेनच्या राणीने तशा लोकांपुरती परवानगी १५०३ साली दिली होती. एवढे जुने बालंट, पण ते सुटले म्हणता? २००५ साली ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या चित्रपटाच्या दुसऱ्या भागाचे चित्रीकरण डॉमिनिकात झाले. त्यात बेटावरचे लोक माणसे भाजून खाणारे दाखवले आहेत. तेव्हाचे कालिनागो मुखिया चार्ल्स विल्यम्स यांनी जाहीर विरोध केला. समाजातल्या काहींनी मात्र रोजगार म्हणून त्या चित्रपटात कामे केली. आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला कोणते काम नाकारणे परवडते हे त्यालाच ठाऊक. पण संग्रहालयाच्या भिंतीवर हा सगळा प्रसंग असावा असे आम्हांला वाटते, मुखियाचा विरोधही आणि मिळालेली मजुरीही. २०१५ साली डॉमिनिकाच्या संसदेने ‘कॅरिब’ हे नाव काढून त्या भागाला ‘कालिनागो’ हे त्यांचे स्वतःचे नाव कायद्याने दिले. त्या आधीच्या सर्व जुन्या पाट्या अर्थातच बदलाव्या लागणार.

दुसरी पाटी जमिनीची. १९०३ साली ब्रिटिश प्रशासक हेस्केथ बेल याने हा भाग राखून दिला आणि मुखियाला चांदीच्या मुठीची काठी आणि अधिकाराचा पट्टा दिला. सरकारी कागदांत हे औदार्य म्हणून नोंदलेले आहे. १९३० साली पोलीस चोरट्या मालाच्या शोधात सालिबिया गावात शिरले. झटापट झाली, गोळी चालली, जखमी झालेले दोन कालिनागो पुढे मरण पावले. मग ब्रिटिशांची ‘डेल्ही’ नावाची युद्धनौका किनाऱ्यासमोर येऊन उभी राहिली, आकाशात प्रकाशगोळे उडवू लागली, आणि माणसे घरे सोडून रानात पळाली. मुखिया जॉली जॉन यांचे पदच रद्द केले गेले. ते पद १९५२ साली परत मिळाले. सरकारी अहवाल म्हणजे एक बाजू. दुसरी बाजू घराघरांतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत असते, आणि म्हातारी माणसे वाट पाहत बसत नाहीत. म्हणून कपाटे घेण्यापूर्वी आवाज टिपण्याचे यंत्र घ्यावे. ते स्वस्तही पडते.

भाषेची तर याहून वाईट गत आहे. कालिनागो भाषा अस्खलित बोलणारे विसाव्या शतकाच्या आरंभी संपत आले. पण रेमों ब्रेतों या फ्रेंच पाद्र्याने सतराव्या शतकात त्यांच्यात राहून शब्द गोळा केले होते, आणि त्याचा कोश १६६५ साली छापला गेला. त्यातून असे कळते की बायकांच्या बोलीत आणि पुरुषांच्या बोलीत पुष्कळ शब्द निराळे होते. पाद्री आला होता धर्मांतरासाठी. त्याचा कोश आज ती भाषा पुन्हा शिकू पाहणाऱ्या मुलांच्या उपयोगी पडतो. तवा, किसणी, झोळी, होडी, प्रत्येक वस्तूखाली तिचे कालिनागो नाव सर्वांत वर आणि मोठे असावे, इंग्रजी खाली.

हाडांविषयी मात्र आमचे मत पक्के आहे. माणसाची हाडे काचेत ठेवू नयेत. २०१३ साली त्रिनिदादच्या राजधानीत ‘रेड हाउस’ या संसदभवनाची दुरुस्ती चालू असताना खाली मूळनिवासींची हाडे आणि भांडी निघाली. शास्त्रज्ञांनी तपासणी केली, आणि २०१९ साली तिथल्या मूळनिवासी समाजाने आपल्या विधीप्रमाणे ती हाडे त्याच आवारात पुन्हा पुरली. शास्त्राचे अडले नाही आणि माणसांचा मानही राहिला. पर्यटकांना सांगाडे आवडतात असा युक्तिवाद होतो. कुणाचे आजोबा पाहायला आवडतात, हे विचारले की तो युक्तिवाद थंड पडतो.

किल्ली कुणाकडे?

कालिनागो भागात जमीन सगळ्यांची मिळून आहे. कुणाच्या नावावर उतारा नाही, त्यामुळे बँक तिच्यावर कर्ज देत नाही. घर बांधायला निघालेल्या तरुणाला ही मोठी अडचण होते. पण संग्रहालयासाठी ती ढाल आहे, कारण ती जागा कुणी विकू शकत नाही आणि गहाणही टाकू शकत नाही. वस्तूंनाही हाच नियम लावावा. दान देणाऱ्याचे नाव, वस्तू कुठे सापडली, कुणाच्या घरी वापरात होती, हे सगळे जाड वहीत शाईने लिहावे. वहीच्या दोन प्रती कराव्यात आणि दुसरी बेटाच्या दुसऱ्या टोकाला ठेवावी. वस्तू वादळात गेली तर तिची नोंद तरी उरते. सापडल्याची जागा लिहिली नाही तर उत्तम कुऱ्हाडही नुसता गुळगुळीत दगड होऊन बसते.

होडी मात्र खोलीत मावणार नाही, आणि मावू नयेही. कालिनागो आजही गोमिए नावाच्या उंच झाडाचे खोड कोरून होडी करतात. कोरलेल्या खोडात पाणी आणि दगड भरतात, विस्तवाची ऊब देतात आणि लाकूड मऊ करून पोट रुंदावतात. १९९७ साली चित्रकार जेकब फ्रेडरिक यांच्या पुढाकाराने बांधलेली ‘ग्ली ग्ली’ ही होडी डॉमिनिकाहून एकेक बेट पार करत दक्षिण अमेरिकेतील गयानापर्यंत गेली, पूर्वज ज्या वाटेने आले त्याच वाटेने उलट. वाटेत आणि तिकडे त्यांना आपलेच दूरचे भाऊबंद भेटले. अशा होडीला काचेत कोंडण्यापेक्षा किनाऱ्यावर एक मांडव घालावा, जिथे म्हातारा सुतार नव्या पोरांना तासणी धरायला शिकवील.

राहिल्या टोपल्या. आपल्याकडच्या बुरूडकामासारखेच हे काम, पण बांबूऐवजी लारूमा नावाच्या वेताच्या पट्ट्यांचे. काही पट्ट्या उन्हात वाळवून तांबूस करतात, काही चिखलात पुरून काळ्या करतात, आणि तांबूस-काळ्या-पांढऱ्यातून नक्षी उठते. उत्तम टोपली दुहेरी असते, दोन थरांमध्ये रुंद पाने घालून शिवलेली, म्हणजे आत पाणी झिरपत नाही. रस्त्याच्या कडेला बायका या टोपल्या विकायला बसतात. त्यावर घरे चालतात. जुन्या नक्षींपैकी काही आता फारशा कुणाला येत नाहीत, आणि त्यांचे नमुने राहिले आहेत ते जुन्या टोपल्यांतच.

म्हणून आमची एक सूचना आहे, मोठ्या संग्रहालयांना ती पटणार नाही. जुनी टोपली गावातल्या विणणाऱ्या बाईला कोठीत बसून हातात घेऊन पाहता यावी. हात धुऊन, स्वच्छ कापड अंथरून, हवा तितका वेळ. तिने वीण मोजावी, पट्टी कुठे वर जाते आणि कुठे खाली दबते ते पाहावे, तशी नवी टोपली विणावी, आणि काय मोजले ते त्या जाड वहीत आपल्या नावासह लिहून ठेवावे.